मुंबई सिटीची खेळाडूभरती : करार संपेपर्यंत आपण थांबतोच का?

(मुंबई सिटी फुटबॉल क्लबच्या समर्थकांच्या मंचावरील चर्चा)

निळी पश्चिम

बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर २९ मार्च २०२५ रोजी झालेल्या ५-० या पराभवावर यथेच्छ बोलून झाले आहे, त्यामुळे तो सामना पुन्हा उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. मला त्या निकालापेक्षा बेंगळुरूच्या ताफ्यातील नावांनी जास्त अस्वस्थ केले. राहुल भेके, आल्बेर्तो नोगेरा आणि होर्हे पेरेरा दियाझ हे तिघेही त्या हंगामात बेंगळुरूचे होते, आणि आदल्या हंगामात हेच तिघे आपल्याबरोबर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) कप जिंकले होते. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर आपण मोहन बागानला ३-१ असे नमवले, तेव्हा बरोबरीचा गोल दियाझचा होता आणि कर्णधार भेके होता. त्याच उन्हाळ्यात अपुया मोहन बागानकडे गेला. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याला सोडून गेलेला ग्रेग स्टुअर्टही पुढच्या हंगामात बागानच्याच जर्सीत दिसला. बागानने २०२४-२५ मध्ये शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याची) आणि कप (प्लेऑफ जिंकणाऱ्याचा) दोन्ही जिंकले आणि आपण सहाव्या क्रमांकावर राहिलो. त्यानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात बिपिन सिंग ईस्ट बंगालकडे आणि मेहताब सिंग मोहन बागानकडे गेला. २०२१ आणि २०२४ या दोन्ही अंतिम सामन्यांत आपल्याला आघाडी मिळवून देणारा गोल बिपिनचा होता, हे इथे कोणाला सांगावे लागू नये.

कोणता परदेशी खेळाडू आणला, तो चालला की नाही, यावर आपण वर्षभर वाद घालतो. माझ्या मते खरा घोळ त्याच्या बराच नंतर, म्हणजे खेळाडूच्या कराराचे शेवटचे वर्ष सुरू होते तेव्हा होतो. फिफाच्या नियमांनुसार करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो, आणि करार संपल्यावर त्याच्या जुन्या क्लबला एक रुपयाही मिळत नाही. म्हणजे जानेवारी उजाडेपर्यंत नवा करार झालेला नसेल, तर तो खेळाडू मनाने अर्धा दुसरीकडे गेलेला असतो आणि आपण मात्र गॅलरीत त्याच्या नावाचा जयघोष करत असतो. हे एकदा घडले तर त्याला योगायोग म्हणता येईल, परंतु आपल्याकडे प्रत्येक विजेतेपदानंतर हेच घडत आले आहे. २०२१ मध्ये शील्ड आणि कप एकाच हंगामात जिंकल्यावर प्रशिक्षक लोबेरा गेले आणि ह्युगो बुमू तेव्हाच्या एटीके मोहन बागानकडे गेला, आणि पुढच्या हंगामात आपण पाचवे येऊन प्लेऑफलाही मुकलो. २०२३ मध्ये शील्ड जिंकल्यावर जाहू आणि फाल लोबेरांच्या मागोमाग ओडिशाला गेले. २०२४ चे वर सांगितलेच आहे.

आपल्याकडे खेळाडूभरतीचे काही धोरण आहे, की दर उन्हाळ्यात मोकळ्या झालेल्या जागा भरण्यालाच आपण धोरण म्हणतो, हा माझा प्रश्न आहे.

गिरणगावकर

धोरणाचा प्रश्न पुढे येईलच, पण एक गोष्ट आधी नोंदवतो. या शहरातल्या फुटबॉलप्रेमींना खेळाडू जाण्याचे नव्हे, तर अख्खा क्लबच जाण्याचे दुःख ठाऊक आहे. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. कूपरेजवर खालिद जमील यांनी वर्षानुवर्षे तुटपुंज्या साधनांत टिकवून धरलेला मुंबई एफसी २०१७ मध्ये गुंडाळला गेला. त्या मानाने भेके बेंगळुरूला गेला ही मोठी आपत्ती वाटत नाही. तरीही तुमचा राग मला समजतो, कारण या क्लबकडे पैसा नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही.

हिशेबनीस

निळी पश्चिम, तुमच्या मुद्द्याची दिशा बरोबर आहे, परंतु उदाहरणे चुकीची निवडली आहेत असे मी नम्रपणे म्हणेन. जरा वये पाहावीत. २०२४ च्या उन्हाळ्यात भेके आणि दियाझ ३३ वर्षांचे होते आणि नोगेरा ३४ वर्षांचा होता. पगारमर्यादा असलेल्या लीगमध्ये विजेत्या संघातील प्रत्येकाचा एजंट वाढीव रक्कम मागतो, आणि सर्वांना ती देता येत नाही. अशा वेळी तिशी ओलांडून पुढे गेलेल्या तिघांना निरोप देणे हा निर्णय कोणताही शहाणा क्लब घेईल. त्यांनी पुढच्या वर्षी आपल्यालाच धूळ चारली हे झोंबते खरे, पण त्यामुळे तो निर्णय चुकीचा ठरत नाही.

खरे नुकसान अपुया आणि मेहताब यांचे आहे. जाताना अपुया २३ वर्षांचा होता आणि मेहताब २७ वर्षांचा. भारतीय मधल्या फळीत अपुयासारखा चेंडू पायाशी ठेवून मान वर करून पाहणारा खेळाडू किती दुर्मीळ आहे, हे तो गेल्यानंतरच्या हंगामात आपल्याला दिसले. त्याच फळीतला व्हान निफ चांगला खेळाडू आहे, परंतु तो परदेशी आहे. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी उतरवता येतात. म्हणजे भारतीय मिडफिल्डर गमावून त्या जागी परदेशी आणला, की दुसऱ्या कुठल्यातरी जागी परदेशी कमी होतो. एका अपुयाची किंमत अशी दोन जागांवर मोजावी लागते. आपल्या भरतीत हा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

त्याहून मोठी चूक मला वाटते ती अशी. भेके ३३ वर्षांचा होणार हे २०२१ मध्ये त्याला घेताना क्लबला माहीत होतेच. मग २०२२ किंवा २०२३ मध्ये त्याच्या शेजारी उभा करून घडवायचा विशी-बाविशीचा बचावपटू कुठे होता? म्हातारे जातात म्हणून मी रागावत नाही, त्यांच्या जागी कोणी तयार नसतो म्हणून रागावतो.

मांडवीकाठ

मी अंधेरीत राहतो पण माझा क्लब गोवा आहे, त्यामुळे हा धागा वाचताना मला थोडे हसू आले, त्याबद्दल क्षमस्व. २०१९-२० मध्ये पहिली लीग शील्ड आम्ही जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगची जागा मिळवली. त्यानंतर काही महिन्यांतच लोबेरा, बुमू, जाहू, फाल आणि मंदार राव देसाई असे सगळे बिऱ्हाड आपल्या मुंबईत येऊन थाटले. आशियाच्या स्पर्धेत आम्ही त्यांच्याशिवाय उतरलो. तेव्हा या मंचावर कोणी खेळाडूभरतीच्या नीतिमत्तेबद्दल लिहिल्याचे मला आठवत नाही. २०२२ मध्ये नोगेरा आमच्याकडूनच घेतला, दियाझ केरळकडून घेतला आणि जमशेदपूरला शील्ड मिळवून देणारा स्टुअर्टही उचलला. आपण ज्या दुकानातून माल घेत होतात, त्याच दुकानात आता बागान आणि बेंगळुरू रांगेत आपल्यापुढे उभे आहेत, इतकाच काय तो फरक.

निळी पश्चिम

मांडवीकाठ, टोला बरोबर बसला आहे आणि तो मी निमूटपणे घेतो. पण तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा अधिक पक्का होतो. दुसऱ्याचे तयार खेळाडू उचलणे ही पद्धत आपल्याकडे सर्वांत जास्त ओढ आणि सर्वांत जास्त पैसा आहे तोवरच चालते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल समूहाने ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा ती ओढ आपल्याकडे होती. मँचेस्टरशी नाते असलेल्या क्लबात यायला कोण नाही म्हणेल? डिसेंबर २०२५ मध्ये समूहाने आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांच्या हाती आला. आता ना ती ओढ राहिली, ना खाली तयार झालेली मुले. हिशेबनीस यांनी वयांचा मुद्दा मांडला तो मला पूर्ण मान्य आहे.

ठाणे फास्ट

सर्वांनी एकाच बाजूने ओढू नये म्हणून लिहितो.

२०२३-२४ चा हंगाम आठवावा. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेले, जानेवारीत स्टुअर्ट गेला, आणि आशियाच्या गटात आपण सहाही सामने हरलो. अशा अवस्थेत त्याच भरतीखात्याने मेलबर्न सिटीतून प्रशिक्षक म्हणून क्रात्की यांना आणले आणि जानेवारीच्या खेळाडूबदलाच्या विंडोत व्होयतुश व इकर यांना घेतले. शील्डच्या शेवटच्या सामन्यात आपल्याला केवळ बरोबरी पुरली असती. बागानने २-१ असे हरवून ४८ विरुद्ध ४७ गुणांनी शील्ड नेली. तीन आठवड्यांनी त्याच मैदानावर आपण कप घेतला आणि तिसरा गोल व्होयतुशनेच केला. हंगामाच्या मध्यात विस्कटलेला संघ चार महिन्यांत सावरणाऱ्या लोकांना धोरण नाही असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. छांगटेला चेन्नईतून जानेवारी २०२२ मध्ये आणले, तेव्हा त्याच्याकडे वेगापलीकडे काही नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. पुढच्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही निवड कोणाच्या तरी नजरेने केली होती ना?

माझ्या मते २०२४ च्या उन्हाळ्यातील भरती फसली, आणि तीही पूर्णपणे नव्हे. करेलिसने गोल केले. टोरल आणि ब्रँडन यांच्याकडून जी अपेक्षा होती ती पुरी झाली नाही. एका फसलेल्या उन्हाळ्यावरून पाच वर्षांचा निकाल लावू नये.

हिशेबनीस

ठाणे फास्ट, सावरण्याचे कौशल्य वेगळे आणि नियोजन वेगळे. जानेवारीत ज्याला सारखी धावपळ करावी लागते, त्याने जुलैमध्ये काय केले हे विचारायलाच हवे. छांगटेबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. तो, अपुया, विक्रम प्रताप आणि लाचेनपा या सर्वांना आपण तरुण वयात घेतले आणि सर्वांनी वसूल केले. म्हणजे आपल्याला ते जमते. मग त्याच वाटेने पुढे का गेलो नाही, हे मला उमगत नाही.

मैदानावरचे मास्तर

गेली बरीच वर्षे मी मुंबई उपनगरात शाळकरी मुलांना शिकवतो, त्यामुळे या चर्चेतील एका रिकाम्या जागेकडे लक्ष वेधतो. वर जितक्या भारतीय खेळाडूंची नावे आली, त्यांत मुंबईचा एकच आहे, तो म्हणजे राहुल भेके. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला आपण २-१ असे हरवले आणि एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरलो. तो विजयी गोल भेकेच्या डोक्यावरून झाला होता. मुंबईच्या मुलाने मुंबईच्या क्लबसाठी आशियात इतिहास घडवला, याचा उपयोग करून या शहरातली किती मुले मैदानाकडे ओढता आली असती! दुसरे उदाहरण अमेय राणावडेचे. २०२१ च्या अंतिम सामन्यात टक्कर होऊन ज्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले, तो आपला उजवा बचावपटूही मुंबईचाच. तोही पुढे ओडिशाला गेला.

स्थानिक खेळाडूला केवळ स्थानिक म्हणून घ्यावे असे मी म्हणणार नाही. अपुया आणि छांगटे मिझोरामचे आहेत, बिपिन मणिपूरचा आहे, लाचेनपा सिक्कीमचा आहे. तिथे पाच-सहा वर्षांचे पोर दगडगोट्यांच्या मैदानावर दोन्ही पायांनी खेळत असते, आणि आमच्याकडे बाराव्या वर्षी पहिल्यांदा बूट घालून येते. ही तफावत नाकारण्यात अर्थ नाही. परंतु निवड कशी होते तेही सांगतो. मागे पावसाळ्यात वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर पंधरा वर्षांखालील मुलांचा सामना होता. माझ्या संघात कळव्याहून येणारा एक डावखुरा मुलगा आहे. गर्दीच्या लोकलमध्ये पाठीवरची बॅग पोटाशी धरून येतो, आणि बुटाचा तळ सुटला की शिवणाऱ्याकडून सुतळीने आवळून घेतो. त्या दिवशी एका व्यावसायिक क्लबसाठी निवड करणारे गृहस्थ आले होते. ते मध्यंतराच्या जरा आधी पोहोचले, छत्रीखाली उभे राहून त्यांनी मुलांची उंची विचारली, दोन उंच बचावपटूंची नावे लिहून घेतली आणि निघून गेले. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या मुलाने डावीकडून काय काय केले, ते त्यांनी पाहिलेच नव्हते. ज्या शहराने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा दिला, तिथे त्याच्याच नावाच्या मैदानावर मुलांची पारख फूटपट्टीने होते, याची खंत वाटते.

हिशेबनीस यांच्यासाठी एक हिशेबाचा मुद्दा. फिफाची प्रशिक्षण-भरपाईची तरतूद खेळाडूच्या २३ व्या वर्षापर्यंतच्या हालचालींना लागू होते. म्हणजे स्वतः घडवलेला मुलगा करार संपून परदेशी क्लबकडे गेला, तरी क्लबच्या हाती काहीतरी पडू शकते. तयार खेळाडू आणून तिशीत मोकळा सोडला तर काहीच पडत नाही. माणुसकी बाजूला ठेवली तरी पैशाच्या दृष्टीनेही मैदानावरची मुले स्वस्त आहेत.

कोल्हापुरी डावखुरा

मास्तर, नजर जरा घाटावर पण टाका. आमच्याकडे तालमींच्या संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियममध्ये जी गर्दी होते, ती पाहून आयएसएलच्या काही क्लबांना लाज वाटेल. अनिकेत जाधव इथूनच २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. मुंबई सिटीने कोल्हापुरात कायमचा एक निरीक्षक ठेवला, तर त्याच्या पगाराएवढा खर्च एका परदेशी खेळाडूच्या विमानप्रवासावर होत असेल.

गिरणगावकर

डावखुरे, तुमच्या शेवटच्या वाक्यातला हिशेब हिशेबनीस यांच्याकडून तपासून घ्या, पण सूचना मात्र चांगली आहे.

ठाणे फास्ट

मास्तरांचे म्हणणे वाचून माझे मत काहीसे बदलले आहे, परंतु एक अडचण सर्वांनी लक्षात घ्यावी. डिसेंबर २०२५ मध्ये फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपला, आणि त्याआधी कित्येक महिने हंगाम होणार की नाही हेच कोणाला ठाऊक नव्हते. ज्या क्लबला पुढच्या मोसमात किती सामने आहेत आणि प्रक्षेपणाचे पैसे मिळणार का हे माहीत नाही, तो चोवीस वर्षांच्या मुलाला चार वर्षांचा करार कुठल्या जोरावर देणार? मेहताब आणि बिपिन गेले तो काळ नेमका हाच होता, हे विसरू नये.

हिशेबनीस

मान्य आहे, पण मेहताबला घेणारा बागानही त्याच लीगमध्ये, त्याच अनिश्चिततेत होता. अनिश्चितता सर्वांना सारखी होती. काहींनी त्या काळात खेळाडू घेतले आणि आपण दिले. शिवाय अपुया गेला तेव्हा लीगवर कसलेही संकट नव्हते आणि आपण कपविजेते होतो. उत्पन्नाची बाजू मी नाकारत नाही. अंधेरीचे मैदान काही हजारांचे आहे आणि सॉल्ट लेक साठ हजारांहून अधिकांचे. तिकिटांच्या पैशांत आपण कोलकात्याशी बरोबरी कधीच करू शकणार नाही. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला तर करारांच्या तारखा आणि खेळाडूंची वये अधिक काटेकोरपणे सांभाळावी लागतात. खेळाडूला नवा करार द्यायचा की विकायचा, हा निर्णय करार संपायला दोन वर्षे असतानाच झाला पाहिजे. दीड वर्ष उरलेल्या खेळाडूसाठी समोरचा क्लब पैसे मोजतो, आणि सहा महिने उरलेल्यासाठी तो फक्त कॅलेंडर पाहत बसतो.

मांडवीकाठ

हे वाक्य आमच्या गोव्याच्या कार्यालयातही कोणीतरी चिकटवायला हवे.

निळी पश्चिम

चर्चा पुरेशी झाली आहे, म्हणून क्लबला पाठवायच्या पत्राचा मसुदा मांडतो. भाषा सभ्य ठेवली आहे आणि कोणाच्याही हकालपट्टीची मागणी केलेली नाही.

पहिला प्रश्न असा की सिटी समूह गेल्यानंतर खेळाडू निवडण्याचा आणि करार वाढवण्याचा अंतिम निर्णय कोणाचा आहे. समूहाचे निरीक्षकांचे जाळे आणि माहितीसाठा आता आपल्याला उपलब्ध नसेल, तर त्याच्या जागी काय उभे केले आहे, हेही त्यातच विचारले आहे. दुसरी विनंती अशी की नवा करार जाहीर करताना तो कोणत्या वर्षापर्यंतचा आहे ते स्पष्ट लिहावे, नुसते ‘बहुवर्षीय करार’ असे लिहून वेळ मारून नेऊ नये. वर्ष माहीत असले तर समर्थकांना वेळेवर प्रश्न विचारता येतात. तिसऱ्या परिच्छेदात मास्तरांचा मुद्दा आहे : राखीव संघात मुंबई आणि महाराष्ट्रातील मुले किती आहेत, त्यांची निवड कोण आणि कुठे करते, आणि त्या निवडीच्या तारखा शाळा व स्थानिक क्लबांना आधी कळवल्या जातील का.

मैदानावरचे मास्तर

तिसऱ्या परिच्छेदात एक भर घालावी. निवड करणाऱ्याने किमान पूर्ण सामना पाहावा, आणि ज्यांना नाकारले त्यांच्या प्रशिक्षकाला दोन ओळींत कारण कळवावे. कारण कळले तर आम्ही त्या मुलावर काम करू शकतो. उंचीची अट असेल तर तीही आधीच सांगावी. मग उगाच कळव्याहून पोराला पावसात बोलावणार नाही.

ठाणे फास्ट

माझी सही धरावी. पहिल्या प्रश्नातून ‘माहितीसाठा’ हा भाग काढून टाकावा असे सुचवतो. त्यावर त्यांना गुळमुळीत उत्तर देणे सोपे जाईल आणि मुख्य प्रश्न बाजूला पडेल.

निळी पश्चिम

दोन्ही सूचना घेतल्या आहेत. कोल्हापूरचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात जोडला आहे. इंग्रजी प्रत हिशेबनीस करणार आहेत. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारपर्यंत मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.